देव नाही, तर माया कुणाची?

(वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या सांगतेनिमित्त विहारात दिलेले भाषण)

मागे दाराशी ताटकळत उभी असलेली तरुण मंडळी, आत या, पुढची सतरंजी रिकामी आहे.

मी काही पंडित नाही. गिरणीच्या रिंग खात्यात उभं राहून आयुष्याची उमेदीची वर्षं गेली. शाळा नववीपर्यंत. पुढचं शिक्षण म्हणाल तर याच विहाराच्या कपाटातली पुस्तकं आणि रात्रपाळीनंतर न आलेली झोप. त्यामुळे पाली शब्दाचा उच्चार इकडेतिकडे झाला तर भन्तेजींनी सांभाळून घ्यावं. आषाढ पौर्णिमेपासून आपण "बुद्ध आणि त्यांचा धम्म" हा ग्रंथ रोज संध्याकाळी वाचत आलो. आज सांगता आहे. समितीने मला विषय दिला "धम्माची थोरवी". थोरवी आपण नेहमीच सांगतो. आज मी एक प्रश्न घेऊन आलो आहे, आणि तो प्रश्न आपल्यातल्या कुणाचा नाही, देव मानणाऱ्या एका माणसाचा आहे.

आमच्या मजल्यावर एक माळकरी बुवा राहतात. सातारा जिल्ह्यातले. वारी चुकवत नाहीत. माझ्या वडिलांबरोबर गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा दोघं एकाच मोर्चात चालले आणि नंतर दोघांच्याही घरात एकाच वाण्याची उधारी होती. तेव्हा हा माणूस परका नाही. आंबेडकर जयंतीला खीर खायला येतो आणि आषाढीला आमच्याकडे लाह्या-बत्तासे पाठवतो. आम्ही देव मानत नाही म्हणून परत पाठवत नाही, पोरं खातात.

काही वर्षांपूर्वी आपल्याच चाळीतला एक तरुण मुलगा आठ दिवसांच्या तापाने गेला. एकुलता एक. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिसरण-पंचशील झालं, मग भाषणं झाली. एका वक्त्याने, नाव घेत नाही, चांगला अभ्यासू माणूस आहे, अनित्यतेवर अर्धा तास सांगितलं. शेवटी त्या मुलाच्या आईकडे वळून म्हणाले, "ताई, रडायचं नाही. आपण बौद्ध आहोत. आसक्ती हेच दुःखाचं मूळ आहे." त्या बाईने पदराने डोळे पुसले आणि शाळेत बाई ओरडल्यावर पोरगी बसते तशी ताठ बसली. बुवा टोपी हातात धरून दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं.

नंतर जिन्यात मला म्हणाले, "राग मानू नकोस बाबा. तुमच्या बुद्धाला मी हात जोडतो. पण त्या माउलीला रडूसुद्धा देत नाही, ही कसली रीत? आमच्यात पोर गेलं तर आई पांडुरंगाला शिव्या घालते. म्हणते, तू दगडाचा तो दगडाचाच. भांडते त्याच्याशी. तुमच्यात भांडायला तरी कोण आहे? देव नाही म्हणता, आत्मा नाही म्हणता, वर माया करू नका म्हणता. मग माणसाला उरलं काय?"

मंडळी, या प्रश्नाला आपलं एक ठरलेलं उत्तर आहे. "देव कुणी पाहिला?" हे उत्तर खोटं नाही. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण बुद्धांकडे आले तेव्हा बुद्धांनी त्यांना हेच विचारलं होतं. तुमच्या गुरूंनी ब्रह्मा पाहिला का, गुरूंच्या गुरूंनी पाहिला का? नाही ना? मग न पाहिलेल्याकडे जायचा रस्ता ते कसा दाखवतात? अचिरवती नदीच्या अलीकडच्या काठावर उभं राहून पलीकडच्या काठाला "इकडे ये, इकडे ये" अशा हाका मारणाऱ्या माणसाचा दाखला त्यांनी दिला. बाबासाहेबांनीही वासेट्ठ-भारद्वाजांचा हा संवाद ग्रंथात घेतला आहे, आपण तो याच वर्षावासात वाचला.

पण बुवांनी देव आहे की नाही हे विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, दुःख आल्यावर तुमचा माणूस कुणाकडे जातो? आणि दुसरं, तुमची अनासक्ती म्हणजे काळीज कोरडं करणं आहे का? या दोन प्रश्नांना "देव कुणी पाहिला" हे उत्तर देणं म्हणजे भूक लागलेल्याला घड्याळ दाखवणं झालं.

आता त्याच तेविज्ज सुत्ताचा शेवट बघा. आपण बहुतेक तिथपर्यंत जातच नाही. देवाचा युक्तिवाद जिंकला की पुस्तक मिटतो. बुद्धांनी त्या दोघांना रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. ज्यांना ब्रह्माजवळ राहायचं होतं त्यांना त्यांनी चार गोष्टी दिल्या: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्खा. या चारी भावना एकेका दिशेने भरून टाकायच्या, पुढे, मागे, वर, खाली, कुणालाही न वगळता. यांनाच ब्रह्मविहार म्हणतात. म्हणजे देवाची जागा त्यांनी रिकामी ठेवली नाही, तिथे माणसाच्या मनाला काम लावलं.

यातला चौथा शब्द जो आहे, उपेक्खा, तिथे आपली गाडी अडते. मराठीत त्याचं आपण "उपेक्षा" करतो. आणि उपेक्षा हा शब्द आपल्या कानांवर कुठून पडला? "दलित, पीडित, उपेक्षित." निवडणूक आली की प्रत्येक पुढारी आपल्याला याच नावाने हाक मारतो. गावकुसाबाहेर ठेवलं ती उपेक्षा. विहिरीवर येऊ दिलं नाही ती उपेक्षा. हजारो वर्षं जी गोष्ट आपल्याबरोबर झाली, तीच आपल्या धम्मात सद्गुण म्हणून सांगितली आहे, असं कसं होईल? मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं होतं. उत्तर सापडायला दिवस गेले, आणि सापडलं ते बाबासाहेबांच्याच ग्रंथात.

दहा पारमितांचा अर्थ सांगताना बाबासाहेबांनी उपेक्खेची फोड केली आहे. त्यांचे शब्द जसेच्या तसे न म्हणता भावार्थ सांगतो. उपेक्खा म्हणजे अलिप्तता, पण बेफिकिरी वेगळी आणि ही वेगळी, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. हा आवडता, तो नावडता असं ज्या मनात नाही असं मन. आणि पुढे सगळ्यात महत्त्वाचं: फळ काय मिळेल याने न डळमळता, तरीही त्या कामाला जुंपून राहणं. "तरीही" या शब्दाखाली मी माझ्या प्रतीत पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आहेत. काम सोडा असं त्यात कुठेही नाही.

आचार्य बुद्धघोष इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात होऊन गेले. त्यांनी विसुद्धिमग्गात या चार भावनांचे शत्रू सांगितले आहेत. प्रत्येकीचा एक दूरचा शत्रू आणि एक जवळचा. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू "राग". पालीत राग म्हणजे आपला संताप नव्हे, राग म्हणजे ओढ, चिकटणं. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरपणा, जवळचा शत्रू शोकात बुडून जाणं. आणि उपेक्खेचा जवळचा शत्रू कोण? अज्ञानातून येणारी बेपर्वाई. जवळचा शत्रू भाऊबंदासारखा दिसतो, त्याच चेहऱ्याने घरात शिरतो, म्हणून तो जास्त धोक्याचा. आमच्या त्या वक्त्याने त्या आईला जे सांगितलं त्यात उपेक्खा किती होती आणि तिचा हा भाऊबंद किती होता, याचा विचार तुम्हीच करा.

मला ही उपेक्खा पुस्तकात समजली त्याच्या आधी खात्यात दिसली होती, पण तिला नाव माहीत नव्हतं. रिंग फ्रेमवर दोन्ही बाजूंना शेकडो चात्या फिरत असतात. धागा तुटणारच. कापूस कमी-जास्त, हवा कोरडी, कारणं पुष्कळ. नवीन बदली पोरगा यायचा, एका तुटलेल्या धाग्याशी झटापट करत बसायचा, घाम फुटायचा, तोवर मागे दहा तुटलेले. दुसरा एखादा कंटाळलेला असायचा, तुटला तर तुटला, साहेब आला की बघू. त्याच्या फ्रेमखाली वेस्टचा ढीग. आणि जुना कामगार? तो धावत नसे आणि थांबतही नसे. एका चालीने फेऱ्या मारायचा, नजर सगळ्या चात्यांवर, तुटला की दोन बोटांनी जोडला की पुढे. कुठल्या धाग्यावर रुसणं नाही की कुठला लाडका नाही. पाळी संपेपर्यंत त्याचा हात चालू. मी म्हणतो, उपेक्खा ही अशी असते. पंडितांना हा दाखला हलका वाटेल, पण माझ्याजवळ दुसरा नाही.

काही जण म्हणतील, हे तर गीतेतलं निष्काम कर्म झालं, बौद्धांनी वेगळं काय सांगितलं? फरक आहे. तिथे फळ ईश्वराला अर्पण करायचं असतं आणि कर्म करायचं ते ज्याच्या त्याच्या वर्णाचं. आपल्याकडे अर्पण करून मोकळं व्हायला कुणी नाही. ज्या माणसासाठी काम करायचं तो समोर बसलेला असतो, त्याचं दुःख हललं की नाही हे बघावंच लागतं. असो, हा विषय वेगळ्या दिवसाचा आहे.

आता बुवांचा प्रश्न नवा आहे का? मज्झिम निकायात पियजातिक नावाचं सुत्त आहे. श्रावस्तीतल्या एका गृहस्थाचा एकुलता एक मुलगा वारला. कामधंदा सुटला, जेवण सुटलं, स्मशानात जाऊन "कुठे आहेस रे बाळा" म्हणून रडायचा. तो बुद्धांकडे आला. बुद्ध म्हणाले, खरंच आहे, प्रिय माणसांपासूनच शोक आणि दुःख जन्माला येतं. त्या गृहस्थाला हे मुळीच पटलं नाही. तो म्हणाला, प्रिय माणसांपासून तर आनंद मिळतो! उठला आणि निघून गेला. बाहेर जुगारी खेळत बसले होते, त्यांना त्याने सांगितलं, तेही म्हणाले, बरोबर आहे तुझं.

मला या सुत्ताची मोठी गंमत वाटते. आपल्या धर्मग्रंथात बुद्धांचं न ऐकता निघून गेलेला माणूस जसाच्या तसा ठेवला आहे. शेवटी त्याला उपरती झाली, त्याने पाय धरले, असं काही नाही. गेला तो गेला. बुवांचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे आणि तो पुसून टाकलेला नाही.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. ही बातमी कोसलाच्या राजवाड्यात गेली. राजा पसेनदीने मल्लिका राणीला टोमणा मारला, बघ तुझा गौतम काय म्हणतो! मल्लिका हुशार. तिने आधी माणूस पाठवून बुद्ध नेमकं काय म्हणाले याची खात्री करून घेतली. मग राजाला विचारलं, आपली मुलगी वजिरी तुम्हाला प्रिय आहे ना? आहे. तिला उद्या काही झालं तर तुम्हाला दुःख होईल ना? राजा म्हणाला, माझं जगणंच बदलून जाईल, दुःख कसं होणार नाही? राणी म्हणाली, बुद्ध हेच म्हणाले. वजिरीवर माया करू नका असं राणी म्हणाली नाही. मायेची किंमत काय असते ते तिने सांगितलं, एवढंच. ती किंमत मोजावी लागते हे बुद्धांनी लपवलं नाही. देवाला नवस केला की ती माफ होते असं खोटं आश्वासनही त्यांनी दिलं नाही.

पुढे हीच मल्लिका वारली. राजा बुद्धांजवळ बसला होता, एका माणसाने येऊन कानात सांगितलं. राजाचे खांदे पडले, मान खाली गेली, तोंडातून शब्द फुटेना. अंगुत्तर निकायात हे वर्णन आहे. त्याची ही अवस्था पाहून मगच बुद्ध त्याच्याशी बोलले. तू राजा आहेस, बौद्ध आहेस, खांदे पाडू नकोस, असा दम दिला नाही.

किसा गोतमीची गोष्ट तर आपल्या बालसंस्कार वर्गातली पोरंही सांगतात. मेलेलं बाळ कडेवर घेऊन ती औषध मागत होती. बुद्ध म्हणाले, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण. आपण या गोष्टीचा अर्थ सांगतो, मरण सर्वांना आहे. बरोबर. पण बुद्ध हे एका वाक्यात सांगू शकले असते. त्यांनी तिला घरोघर पाठवलं. प्रत्येक दारात तिने विचारलं असेल आणि प्रत्येक दारातल्या बाईने आपला गेलेला माणूस तिला सांगितला असेल. संध्याकाळपर्यंत त्या वेड्या आईने सगळ्या गावाचं दुःख ऐकलं होतं आणि सगळ्या गावाने तिचं. मोहरी मिळाली नाही, पण बाळ खाली ठेवायचं बळ मिळालं. आता बुवांना उत्तर द्यायचं तर मी हे देईन: तुमच्यातली आई विटेवरच्याकडे जाते, आमच्या गोतमीला शेजारणीकडे पाठवलं होतं.

पटाचारेचंही तसंच. नवरा, दोन्ही मुलं, आई-बाप, भाऊ, सगळे गेले. अंगावरच्या वस्त्राचं भान राहिलं नाही. लोक वेडी म्हणून हाकलत होते. बुद्ध म्हणाले, अडवू नका, येऊ द्या. कुणीतरी अंगावरचं वस्त्र तिच्याकडे टाकलं. आधी तिची लाज झाकली गेली, मग उपदेश झाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि बाबासाहेब. १९२६ साली त्यांचा राजरत्न गेला. चार अपत्यांना त्यांनी आणि माता रमाईने मूठमाती दिली होती. राजरत्नच्या मरणानंतर त्यांनी आपल्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं, त्यात आम्ही दोघं या धक्क्यातून सावरलेलो नाही असं कळवलं आहे. ज्यांना आपण वज्रासारखा माणूस समजतो ते बाबासाहेब लिहून सांगतात की मी मोडलो आहे! आणि मार्च १९२७ मध्ये ते महाडला होते. २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. धम्मदीक्षा अजून एकोणतीस वर्षं पुढे होती, तरी फळाने न डळमळता कामाला जुंपून राहणं म्हणजे काय, ते त्या काही महिन्यांत दिसतं. अश्रू आटले होते म्हणून ते महाडला गेले नव्हते.

आता जरा उलट बाजूने बोलतो, नाहीतर बुवांवर अन्याय होईल. भक्तीत माया आहे हे मी मान्य करतो. वारीत अनोळखी माणूस अनोळखी माणसाचे पाय दाबतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, हेही आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. संतांची टिंगल करणं हे आंबेडकरवादाचं लक्षण नव्हे. पण त्या मायेची हद्द कुठे संपत होती? चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला भिंतीखाली सापडून गेले, त्यांची समाधी पंढरीच्या देवळाच्या पायरीशी. त्यांच्या लोकांना त्या देवळात जायला १९४७ साल उजाडावं लागलं, त्यासाठीही साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षं माया देवळात आणि माणूस पायरीवर.

आमच्या गिरणधंद्यातलंच सांगतो. विणाईच्या साच्यावर धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायची पद्धत होती. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे येऊ देत नसत. आमची माणसं रिंग खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर मांडला. दिंडीत एकत्र, भजनात एकत्र, लाल बावट्याखाली एकत्र, आणि धोट्याला मात्र विटाळ. देव सगळ्यांचा होता, धोटा नव्हता. बुवांना मी हे सांगितलं आहे. ते गप्प बसले, मग म्हणाले, "ते देवाचं नाही, आमचं पाप." त्यांचा हा मोठेपणा. पण मी म्हणतो, देवाचं नसेल तर देवाकडून ते सुटलंही नाही. माणसांनीच भांडून सोडवलं.

आता आपल्या घरातलं. बुवांच्या प्रश्नापेक्षा मला आपल्या तरुण पोरांची काळजी जास्त आहे. इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर करून काही मुलं आली. चांगली गोष्ट आहे. दारू सुटली, घरातला आरडाओरडा कमी झाला, बायका दुवा देतात. पण त्यातलाच एक जण, गिरणी कामगारांच्या घरांची बैठक होती, तिला बोलवायला गेलो तर मला म्हणतो, "काका, घराची आसक्ती कशाला? ती तृष्णाच ना?" त्याचा आजा गिरणीत खपला. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, तेव्हापासून त्याची आजी अर्जाची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवते आहे. त्या म्हातारीचा हक्क म्हणजे तृष्णा?

पोरांनो, भिक्खू आणि उपासक यातला फरक नीट समजून घ्या. भिक्खूने घर सोडलं, त्याची वाट वेगळी. गृहस्थाला बुद्धांनी घर सोडायला सांगितलं नाही. दीघजाणू नावाचा कोळिय गृहस्थ आला आणि म्हणाला, आम्ही बायकापोरांच्या गराड्यात राहणारी संसारी माणसं, आम्हाला जमेल असं सांगा. त्याला सांगितलं, कष्टाने मिळव, मिळवलेलं सांभाळ, चांगल्यांची संगत धर, मिळकत बघून खर्च कर. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात कर्ज नसणं हे एक सुख सांगितलं आहे. ज्याने व्याजाने पैसे काढले आहेत त्याला विचारा हे सुख केवढं असतं. हे सांगणारा बुद्ध म्हातारीला पावती फाडून टाक म्हणेल?

बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच चार प्रश्न मांडले आहेत. त्यातला शेवटचा भिक्खूबद्दलचा आहे: भिक्खू हा आपल्यापुरता परिपूर्ण माणूस व्हायचा, की समाजाचा सेवक? आपल्यापुरताच परिपूर्ण झाला तर तो स्वार्थीच राहिला, धम्मप्रसाराला त्याचा उपयोग नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. भिक्खूला जर हा प्रश्न, तर डोळे मिटून बसणाऱ्या उपासकाला तो नाही का?

आता शेवटची गोष्ट सांगतो, विनयपिटकातली. एका भिक्खूला हगवण लागली होती. आपल्याच घाणीत पडून होता. कुणी बघत नव्हतं. बुद्ध आनंदाबरोबर फेरी मारत तिथे आले. विचारलं, तुझी सेवा कोण करतं? म्हणाला, कुणी नाही, मी संघाच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कुणी बघत नाही. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदांनी त्याला धुतलं. एकाने डोकं धरलं, एकाने पाय, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला बोलावून सांगितलं की इथे तुमचे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी.

तिथे त्या खोलीत संघ होता, विनय होता, ध्यान करणारे होते. सगळे अलिप्त होते. आणि एक माणूस घाणीत पडला होता. बुद्धांना ती अलिप्तता मान्य झाली नाही. देव नाही असं आपण म्हणतो तेव्हा बाई, त्याचा अर्थ हा होतो की आजाऱ्याच्या उशाशी बसणारा वरून कुणी येणार नाही. देव मानणाऱ्याची एखाद वेळ टळेल, तो म्हणेल पांडुरंग आहे. आपल्याला ती सवलत नाही. २२ प्रतिज्ञा घेतल्या तेव्हाच आपण ती सोडली.

म्हणून समितीपुढे मी दोन सूचना मांडल्या होत्या आणि त्या मान्य झाल्या, त्याबद्दल आभार. पहिली, ज्या घरात मयत झाली तिथे पुण्यानुमोदनाला वंदना होईल, गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांना बोलायचं असेल ते बोलतील, रडायचं असेल ते रडतील. अनित्यतेवरचं भाषण त्या दिवशी नको. ते विहारात रविवारी ठेवू, ज्याला यायचं तो येईल. पहिले तीन दिवस त्या घरात पाणी भरणं, डबा देणं आणि म्युनिसिपालिटीत मरणाचा दाखला काढायला सोबत जाणं, हे मजल्याप्रमाणे वाटून घेतलं आहे.

दुसरी सूचना, चाळीतलं कुणी इस्पितळात असेल आणि घरात माणूसबळ नसेल तर रात्री उशाशी बसायला दोघांची पाळी लावायची. कामगारांना पाळी काय असते हे शिकवायला नको. पेशंट कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे विचारायचं नाही. बुवा असोत की आपले भन्ते असोत. त्यासाठी एक दोनशे पानी वही घेतली आहे. नाव, खोली नंबर, कुठला वार जमेल, एवढंच लिहायचं. महिला मंडळाच्या अकरा जणींनी कालच लिहिलं, पुरुषांची अजून चारच नावं आहेत. वही पुस्तकांच्या कपाटावर आहे, पेन सुतळीने बांधून ठेवलं आहे. जाताना बघून जा.

जय भीम! नमो बुद्धाय!